बिनआरशाची फेरी

व्हॅन भंगारात निघाली, तेव्हा ड्रायव्हर मावशींच्या हातात किल्लीची रिकामी कडी तेवढी उरली. गल्लीतल्या दोन पिढ्या त्यांनी शाळेत पोचवल्या होत्या. आता आईबाप एकेका पोराला स्कूटरवर घालून शाळेच्या फाटकाशी गर्दी करत. शाळा तर हाकेच्या अंतरावर. मी चालत नेते, असं मावशींनी घरोघरी जाऊन सांगितलं. औषधांच्या दुकानवालीने आपली धाकटी मुलगी सोबत दिली, पण फार विचार करून. तिचं दुकान ऐन वळणावर; तिथल्या गाड्यांची तऱ्हा ती रोज बघत होती.

पहिल्या दिवशी मावशी ऐटीत पुढे, पोरं मागे रांगेत. किराणावाल्याने हळूच विचारलं, मावशी, आज कितव्या गिअरमध्ये? वळणापाशी मावशींनी सवयीने मान वर करून आरशात पाहिलं. आरसा कुठला, नुसतं आकाश. वळून बघतात तर धाकटी बुटाची लेस बांधायला मागेच बसलेली, आणि एक टेम्पो उलटा तिच्याकडे सरकत होता. मावशींनी धावत जाऊन टेम्पोवर थाप मारली. तो थांबला. पोरीला खरचटलंही नाही, पण तिच्या आईने काउंटरमागून सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटी पुन्हा स्कूटरवर. बाकीची घरंही कुरकुरू लागली.

झाली तेवढी हौस पुरे, असं नवऱ्याने सुनावलं. मावशींनी पानातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाल्या, "व्हॅनमध्ये स्टिअरिंग पुढे होतं, म्हणून मी पुढे. चालताना माझं काय काम तिथं?"

तेव्हापासून त्या रांगेच्या शेवटी चालू लागल्या. पुढे रोज वेगळं मूल. वळणावर थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, हात वर करायचा, गाडी थांबली की मगच पाऊल. मावशी मागून नुसतं "हं" म्हणत. "हं" आलं नाही, की मूल पुन्हा बघे. दुकानवाली शटर उघडता उघडता हे रोज पाहत होती.

एके सकाळी ती धाकटीचा हात धरून वळणावर उभी राहिली. हिला मधे ठेवा, एवढंच म्हणाली. पण हात सोडवून धाकटी थेट पुढे गेली. तिने हात वर केला. टेम्पो थांबला. तरी ती लगेच निघाली नाही. वाकून दुसरी बाजू पाहिली, मागून "हं" आलं, मग पाऊल टाकलं.

पलीकडे पोचल्यावर तिने रांग तपासली.

"मावशी, मागे राहू नका हं."

आई हसली आणि शटर वर करायला वळली. स्कूटर त्या दिवशी दारातच राहिली.