काठीवाल्या बाईंचा चुकलेला अहवाल

काठीवाल्या बाईंना मी पहिल्या भेटीत काय काय बोलले, ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझं शिवणकाम घरातच चालतं आणि घरामागे सखल माळ आहे. त्या माळावर उंच भराव घालून नवा रस्ता होणार होता. त्याचा आजूबाजूच्या पाण्यावर, जमिनीवर काय परिणाम होईल हे तपासायला सरकारने या बाईंना पाठवलं होतं. खुणा केलेली लांब काठी घेऊन ऐन उन्हाळ्यात आल्या, भेगाळलेली जमीन बघितली आणि लिहून मोकळ्या झाल्या: ‘पडीक जमीन. पाण्याचा प्रवाह नाही.’

अहवाल लोकांना वाचायला ठेवला होता. वाचला आणि माझं डोकंच सणकलं. पावसाळ्यात साऱ्या वस्तीचं पाणी त्याच माळावरून नदीला जातं! ते अडलं तर थेट माझ्या घरात शिरणार, आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तशीच तडक बाईंच्या ऑफिसात गेले.

“सही करायला डोळे लागत नाहीत वाटतं? भरपावसात या एकदा, मग कळेल!”

बाईंनी माझा पत्ता लिहून घेतला.

आणि आल्या की खरंच! रजा टाकून, भरपावसात. माझ्या मागच्या दाराने माळात उतरल्या. काठी रोवायची, आकडा टिपायचा, पुढे सरकायचं. पाणी कमरेला लागलं तेव्हा मीच ओरडले, “अहो बाई, पुरे आता!” असं चार दिवस चाललं. सासूबाई खाटेवरून म्हणायच्या, “आधी त्यांना टॉवेल दे, भांडण नंतर.”

जनसुनावणीला हॉल गच्च भरला होता. बाईंचे वरिष्ठ साहेब अहवाल वाचायला लागले, तशा बाई उठल्या.

“हा अहवाल माझा आहे आणि तो चुकलाय. मी कोरड्या दिवसांत पाहणी केली. हे पावसातले आकडे.”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईंची ठरलेली बढती त्यापायी हुकली, हे मला फार उशिरा कळलं.

रस्ता झाला, पण भरावावर नाही, खांबांवर. पाणी खालून निमूट निघून जातं. सासूबाई पुढे सहा वर्षं जगल्या. कोरड्या घरात, त्याच खाटेवर, मला टोमणे मारत.

परवा बाई भेटायला आल्या. निवृत्त झाल्यात, काठी मात्र सोबत. तिच्यासाठी मी शिवलेली गवसणी हातात दिली आणि म्हटलं, “तुमचे उपकार कसे फेडू? माझ्यापायी बढती गेली तुमची.”

“उपकार कसले गं? तू भांडली नसतीस तर बढती मिळाली असती आणि तुझी सासू पाण्यात गेली असती. मला झोप लागली असती का कधी?”

मग चष्मा लावून गवसणी निरखली. “शिलाई वाकडी आलीये इथे.”

येणारच. शिवताना भरल्या डोळ्यांना धड दिसत होतं कुठे?