लाल सिग्नलवरचं इंग्रजी

मला इंग्रजी शिकवलं हमिदा टीचरांनी. आधी त्यांचं नाव घेतो, मग बातमीकडे वळतो. सुट्टीसाठी दापोलीकडे आपल्या गावी गेलेल्या टीचर तिथेच, झोपेत गेल्या. गावाहून त्यांच्या मिस्टरांचा फोन आला तेव्हा मी इथे रियाधला शाळेची व्हॅन धूत होतो. "संतोष, टीचर गेली रे..." एवढंच बोलले. हातातला पाण्याचा पाइप वाहत राहिला, बंद करायचं सुचलं नाही.

मी गुहागरकडचा, आठवीत शाळा सोडलेला. मुलांची ने-आण करताना टीचर माझ्या मागच्या सीटवर बसत. इथल्या बत्हा बाजाराच्या गर्दीत सिग्नल लाल असेपर्यंत धडा, हिरवा झाला की खलास. एकदा भांडणात एक पोरगी ओरडली, "हाऊ डेअर यू!" मी विचारलं, "टीचर, कालच म्हणालात प्रश्नात 'डू' लागतो. इथला कुठे गेला?" टीचर खूश. "चोर पकडलास की! पण आता गाडी चालव." पुढच्या लाल दिव्यावर सांगितलं, "डेअर म्हणजे धजणं. हा दोन घरचा पाहुणा. सरळ वाक्यात साध्या क्रियापदासारखा वागतो, 'ही डेअर्स टू आस्क'. नकारात नि प्रश्नात मात्र 'कॅन', 'मस्ट'च्या घरी जातो, 'ही डेअर नॉट आस्क'. 'एस' गेला, 'टू' गेला, 'डू'ला तर दारातच उभं केलं नाही."

"दोन घरचा पाहुणा उपाशी ना, टीचर?"

"हा कसला उपाशी? दोन्हीकडे जेवतो, लबाड!"

त्या दिवसापासून त्यांनी लावूनच धरलं... तू दहावीला बस, मुक्त विद्यालयातून बसता येतं. दर वर्षी विचारायच्या, "या वर्षी?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी, टीचर." पोराच्या वयाच्या मुलांबरोबर पेपर लिहायचा, नापास झालो तर माझ्या खोलीत राहणारे हसणार, "ड्रायव्हर साहेब व्हायला निघालेला!" या धास्तीने टाळत राहायचो. सुट्टीला निघताना बॅग उचलत त्या म्हणाल्या, "परत आल्यावर मी विचारणार नाही हां. तूच सांगायचं." खरं तर माझं मनात ठरलं होतं. पण आज बोललो आणि उद्या पाय मागे घेतला तर... म्हणून नुसती मान हलवली. एक शब्द बोललो असतो तर त्या ऐकून गेल्या असत्या. हे आता जन्मभर सलणार.

टीचर गेल्यावर त्याच आठवड्यात दहावीला नाव नोंदवलं. सिग्नल लाल झाला की अजून मनात एक वाक्य घेतो, त्याचा नकार करतो, प्रश्न करतो. चुकलं की "परत" म्हणणारं मागे कुणी नसतं. मुलं मोबाइलमध्ये असतात.

टीचर, आता सांगतो. या वर्षी बसतोय. तुमचं देणं कधीतरी फेडीन. पास झालो की पेढे घेऊन तुमच्या गावी येईन. नापास झालो तरी येईन, तुमच्या कबरीपाशी उभा राहून सांगेन, आणि पुन्हा बसेन.