बालाजीनं थांबवलेली झटापट

माझी कंपनी तेव्हा पूर्व लडाखमध्ये, चीनच्या सीमेवर होती. मी हवालदार, गाव बेंबळी. माझ्या सेक्शनमध्ये नाईक बालाजी होता, भूम तालुक्यातल्या ईटचा. लष्कराच्या कोर्समध्ये तो चिनी भाषा शिकला होता. दोन्हीकडचे अधिकारी फ्लॅग मीटिंगला बसले, की दुभाष्याशेजारी त्यालाही उभं करत.

सीमेवरचं काम बाहेरच्यांना विचित्र वाटेल. रायफल पाठीवर, नळी जमिनीकडं. समोर चिनी पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी आली, की बॅनर उघडायचा: ही आमची हद्द आहे, मागं जा. तेही तसाच बॅनर उघडत. गोळी मात्र कुणीच चालवायची नाही, हे दोन्ही सरकारांनी ठरवलेलं.

त्या सकाळी त्यांचं पेट्रोल नाल्याकाठी आमच्या वाटेवर उभं होतं. बॅनर उघडले. कुणी हटेना. धक्काबुक्की सुरू झाली. एक दगड बालाजीच्या भुवईवर बसला. रक्त पाहून आमचे जवान खवळले. एकानं पाठीवरची रायफल पुढं घेतली.

मी वायरलेसवर कंपनी कमांडरना कळवलं, "साब, एक जवान जख्मी. माहौल गरम है. ओव्हर."

"फायर नहीं. लाइन होल्ड करो. ओव्हर."

तेवढ्यात बालाजी दोन्ही रांगांच्या मधे गेला.

"बालाजी, मागं ये!" मी ओरडलो.

"दादा, आपल्या पोरांना तुमी आवरा. ह्यांच्याशी म्या बोलतो."

मोकळे हात दाखवत तो त्यांच्या अधिकाऱ्याशी बोलू लागला. आवाज चढवला नाही. रक्त डोळ्यात उतरत होतं, तेही पुसलं नाही. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं, मग मागं वळून हुकूम दिला. त्यांची रांग सरकली. आम्हीही सरकलो.

"काय म्हणलास रं त्याला?"

"म्हणलं, आज हितं कुणी मेलं, तर उद्या साहेब लोक बोलायला बसायचे न्हाईत. मग आपुनच मरत ऱ्हाऊ."

दुसऱ्या दिवशी फ्लॅग मीटिंग झाली. काही काळ त्या वाटेवर कुणीच पेट्रोल पाठवायचं नाही, असं ठरलं. निघताना त्या चिनी अधिकाऱ्यानं बालाजीच्या जखमेची चौकशी केली.

त्याच हिवाळ्यात पोस्टवर रसद नेणाऱ्या पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला. बाकीचे जिवंत निघाले. बालाजीला आम्ही फावड्यांनी, हातांनी उकरून काढलं. श्वास थांबला होता. तिरंग्यात लपेटलेल्या त्याच्या पेटीबरोबर ईटला मीच आलो.

त्याच्या आईनं विचारलं, "लढाईत गेला का माझा ल्योक?"

"न्हाय, मावशी. बर्फानं नेला. लढाई त्यानं होऊच दिली न्हाय." आणि नाल्याकाठचं सगळं सांगितलं.

माउलीनं पेटीवर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी तिकडच्या आयांचंबी ल्योक घरी गेले म्हना."

"व्हय, मावशी," मी म्हणालो. "सगळे घरी गेले."