सम की विषम

धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी वडगावला घरी आले होते. बेंगळुरूच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रयोग मात्र चालूच होता. अतिथंड केलेल्या अॅल्युमिनियमच्या लहानशा डब्यात मायक्रोवेव्हचे मोजके फोटॉन, म्हणजे ऊर्जेचे कण, ठेवायचे आणि त्यांत क्वांटम माहिती साठवायची, हे माझं तीन वर्षांचं काम. फोटॉन निसटला की माहिती बिघडते. चुका दुरुस्त करणारा कोड वापरला की ती जास्त टिकायला हवी. आमची उलट लवकर संपायची, कारण दुरुस्ती करतानाच नव्या चुका व्हायच्या.

त्या सकाळी वडिलांचा, आप्पांचा, विणायचा माग खडखडत असताना प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. "आलेख पाठवलाय. आधी खाली बस, मग बघ."

कोडवाली रेघ बिनकोडाच्या रेघेच्या वर होती! अगदी शेवटपर्यंत. रेघ जितकी वर, तितकी माहिती जास्त टिकलेली. आनंदाआधी मला संशयच आला.

"रेघांच्या नावांची अदलाबदल झाली असेल," मी म्हटलं. "दुरुस्ती बंद करून परत मोजून बघ."

मी ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले. आई वैतागली. "रिकामी फिरू नकोस, कणीक तरी मळ." मळली. पिठाच्याच हातानं लॅपटॉप उघडला. दुरुस्ती बंद, तर रेघ खाली. पुन्हा चालू, तर वर!

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आप्पा माग बंद करून धावत आले. "काय झालं गं?"

"टिकली, आप्पा! माहिती टिकली!"

मी भराभर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे डब्यात काय हाय ते सारखं बघत बसतीस व्हय?"

"न्हाय. बघितलं की ती मोडते."

"मग चुकलं ते कळतंय कसं?"

इतका नेमका प्रश्न मला प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या कुठल्याच पाहुण्यानं विचारला नव्हता. "फोटॉन सम संख्येतच ठेवायचे. किती हायत ते विचारायचं न्हाय. सम का विषम, एवढंच. विषम आलं की समजायचं, एक गेला."

"दोन का चार, ते न इचारता?"

"व्हय!"

"लई भारी की गं!" म्हणत ते शेजाऱ्यांना सांगायला निघालेसुद्धा.

साखरपुड्यात माझा फोन सारखा थरथरत होता. पाहुण्यांतल्या एका काकूंनी विचारलं, "कुणाचे एवढे निरोप?" मी उत्तर देणार तोवर पुढचा आलेख आला. याही वेळी कोडवाली रेघ वरच होती.