मूळव्याध नसलेले पेशंट

औषधाच्या बाटल्या रिकाम्या होतात, परत भरतात. किस्से मात्र साचतच जातात! छप्पन सालापासून पुढं दहा-बारा वर्षं मी घाटंजीच्या एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. चारचौघांत सांगता येत नाहीत तेच किस्से जास्त साचले. आज सगळे आपलेच बसलो आहोत, म्हणून सांगतो. नावं तेवढी विचारू नका.

आमच्याकडे ‘मूळव्याध’ म्हणून येणाऱ्या काहींना मूळव्याध नसायचीच. कापसाच्या जिनिंगमधला एक पस्तिशीचा माणूस आला. रक्त जायचं, आग व्हायची. म्हणे, “बैलगाडीचे हादरे बसले जी.”

डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले आणि साधेपणानं विचारलं, “मागच्या बाजूनं संबंध आला होता काय?”

तो पांढराफटक पडला. तेव्हा कायद्यानं गुन्हाच होता तो. दाराकडं पाहू लागला.

“मले फौजदाराले नाई सांगाचं,” डॉक्टर म्हणाले. “आत चीर पडली हाय. कायनं पडली ते समजलं, तर इलाज बरोबर करता येते.”

तो पुटपुटला, “हो जी.”

“एवढ्या एका शब्दासाठी बैलगाडीले कायले बदनाम केलं?”

तो माणूस आल्यापासून पहिल्यांदा हसला!

*

एक मास्तर होते. त्यांचं दुखणं तेच. लाजेपायी आठ दिवस घरीच काढले आणि शेवटी तिथं डोकेदुखीचा बाम चोळला! दवाखान्यात आले ते पाय आपटतच. मी खोबरेल तेलाच्या बोळ्यानं बाम पुसून काढला, तेव्हा कुठं ते बोलू लागले.

“मास्तर, बाटलीवर काय लिहिलं हाय?” डॉक्टरांनी विचारलं.

“डोकेदुखीसाठी.”

“मग?”

“याच्याच पायी तर डोकं दुखून राह्यलं होतं जी!”

डॉक्टरांनी हसू आवरलं आणि नीट समजावलं. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसायचं. इसबगोल, भरपूर पाणी. तिखट बंद, संडासला जोर करायचा नाही. जखम भरेपर्यंत संबंध नाही. आणि पुढंही घाई नाही, कोरडं नाही, दुखलं की तिथंच थांबायचं.

मास्तरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली!

*

तांड्यावरची एक बाई नवऱ्यासोबत आली. पंचविशीची असेल. तिला आमच्या नर्सबाईंनी आत नेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला बोलावलं.

“तिले विचारलं होतं?”

“बायकोले काय विचाराचं?”

डॉक्टरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही. “तिले जखम झाली हाय. पंधरा दिवस ती रडत संडासले जाते. तुमाले माहीत हाय?”

त्याला माहीत नव्हतं. मान खाली गेली. “मले बोललीच नाई ती.”

“तुमी विचारलंच नाई. आता विचारत जा. नाई म्हटलं, तर नाई.”

महिन्याभरानं बाई दाखवायला आली. जखम भरली होती. नर्सबाईंनी हळूच विचारलं, “आता कसा वागते?”

बाई पदरात तोंड लपवून म्हणाली, “आता पाणी प्याले देऊ का, हेबी विचारते!”

*

एका दुकानातला दिवाणजी. चिकट स्राव, अंगात कणकण, सारखं संडासला लागल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी काचेवर नमुना घेऊन यवतमाळला पाठवला. संसर्ग निघाला. पेनिसिलिन सुरू झालं.

“ज्याच्यासंग संबंध आला त्यालेबी सुई लागते. नाईतर हे परत होईन.”

“नाव नाई सांगणार. मेलो तरी नाई!”

“नाव कोणाले पाह्यजे? माणूस पाठवा.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी गर्दीतून एक दणकट गडी थेट माझ्या टेबलापाशी आला. नाव विचारलं तर म्हणाला, “नाव नाई जी. मी माणूस!”

*

आणि फुलसावंगीकडून आलेले दोघे. पन्नाशीचे शेतकरी, एका शेतात, एका घरात राहणारे. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून एसटी बदलून इतक्या लांब आलेले. एक सडपातळ, त्याला महिनाभर रक्त जात होतं, बाकावर टेकताही येत नव्हतं. दुसरा धिप्पाड, सारी विचारपूस तोच करायचा. “पाणी किती कोमट? मी हात घालून पाहू का कोपर?”

रक्त फार दिवसांचं होतं. डॉक्टरांना वाईट शंका आली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात भरती करायचं ठरलं. चिठ्ठी मी लिहीत होतो. सोबत राहणाऱ्याचं नातं लिहायचं होतं.

“तुम्ही यांचे कोण?” मी विचारलं.

धिप्पाड माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, “याची भाकर मी थापतो जी. वीस वर्षं झाली.”

मी डॉक्टरांकडं पाहिलं.

“घरचा माणूस, असं लिहा,” डॉक्टर म्हणाले.

यवतमाळला तपासलं. वाईट काही निघालं नाही. जुनी, खोल चीर होती, शिवाय संसर्ग. इलाज झाला. दीड महिन्यानं दोघं डॉक्टरांना भेटायला आले. बाकावर गर्दी होती. एका म्हातारीनं सरकून जागा दिली.

सडपातळ माणूस क्षणभर थांबला, हात टेकले आणि हळूच बसला. मग पाठ टेकवली. शेजारणीला पाऊसपाण्याचं विचारू लागला.

धिप्पाड माणूस दारातच उभा होता. त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि भरल्या दवाखान्यात मोठ्यानं म्हणाला,

“बसला जी, डॉक्टरसाहेब! बसला!”