पणजीची फेरीबोट

भवानीनगरात माझ्या शेजारी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक जण राहतो. दर उन्हाळ्यात तो मला ओढून पणजीला नेतो. आमच्याकडची माणसं तिथं कॅसिनोत खेळायला जातात. हा मासे खातो, काजूचे भाव विचारून काजू न घेताच पुढं जातो आणि संध्याकाळी फेरीबोटीत बसतो. पायी माणसाला ती फुकट आहे. नदीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर दिवे लागले की याच्या या काठावरून त्या काठावर खेपा सुरू होतात.

"सर, वायरिंग बघा. एक बल्ब गेलेला न्हाय," असं तो दर खेपेला म्हणतो, जणू फिटिंग यानंच केलंय.

यंदा मी कंटाळून म्हणालो, "आत जाऊन नुसतं बघू तरी. खेळायचं नाही."

"तुमी जा. मला हितनं दिसतंय."

तेवढ्यात बोट एका जहाजाच्या अगदी जवळून निघाली. काचेतून पत्त्यांचं टेबल दिसलं. त्यानं माझं मनगट गच्च धरलं.

"जहाज मागं पडस्तोवर सोडू नका, सर."

धरलं त्यानंच होतं. जहाज मागं पडलं तसा त्याचा हात सैल झाला.

"चला," तो म्हणाला, "आजून एक खेप मारू."