सात-बारा माझा, जागा बुधाजीच्या

बुधाजी गेल्याची बातमी मला डोंबिवलीहून कळली. त्याचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मधे एक ओढा आणि माझंच शेत, तरी बातमी आधी डोंबिवलीला पोचली आणि तिथून फोनवर माझ्याकडं आली. कुणी एक मुलगी रडत विचारत होती, काका, बुधाजीकाका गेले म्हणतात, खरं का हो? मी म्हणालो, बघून सांगतो. फोन ठेवला आणि पहिला विचार दुःखाचा आलाच नाही. पहिला विचार आला तो हा, की हिला माझ्याआधी कसं कळलं? लिहायला लाज वाटते. पण पुरवणीच्या संपादकांनी 'तुम्ही शेजारी, लहानपणापासूनचे सोबती, तुम्हीच लिहा' असं सांगितलंय, तर आता दीड महिन्यानं खोटं कशाला लिहू... मी त्या माणसावर आयुष्यभर जळलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-ठाण्याहून पाठीवर तंबू घेऊन येणाऱ्या पोरापोरींना आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात फुकटात, नाहीतर चहाभाकरीच्या पैशांत राहायच्या जागा दाखवायचा, हे बुधाजीचं काम. शेणव्याच्या पुढं ओढ्याकाठी एका म्हातारीचं खळं आहे, शेणानं सारवलेलं, तळहातासारखं सपाट. भात झोडून झालं की तिथं चार तंबू आरामात मावतात. सिद्धगडाच्या बाजूला एका देवळाचा मंडप, किन्हवलीकडं नदीच्या वळणावर आंब्याखालची जागा, सुट्टीत बंद असलेल्या एका शाळेची ओसरी... अशा त्याच्या वीस-पंचवीस जागा असतील. यातली एकही त्याच्या मालकीची नव्हती. बुधाजी गावाबाहेरच्या वाडीतला. राहत्या झोपडीखालची जमीनसुद्धा त्याच्या नावावर नव्हती. आणि मी? माझ्या नावावर भाताची शेती, वर पाच एकर वरकस, म्हणजे भात न पिकणारा माळ. त्या माळावरून नदी दिसते, समोर डोंगर दिसतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तिथं नळ आणला, संडास-बाथरूम बांधलं, रस्त्यावर मोबाइल नंबर टाकून पाटी लावली, 'कॅम्पिंगसाठी उत्तम जागा'. भाडंही फार नव्हतं. दोन हिवाळे गेले, कुत्रं फिरकलं नाही. पोरं यायची, माझ्या पाटीपाशी गाडी थांबवायची आणि मलाच विचारायची, काका, बुधाजीकाकांचं घर कुठंय?

नाकाला मिरच्या झोंबायच्या माझ्या. बायकोला, सुनंदाला, म्हणायचो, आयजीच्या जिवावर बायजी उदार! जमिनी लोकांच्या आणि नाव याचं. ती म्हणायची, तुमची का नाही देत मग उदार होऊन? मी, पिकतं तिथं विकत नाही, असं काहीतरी पुटपुटायचो आणि माळावर जाऊन नळ चालू आहे ना ते बघून यायचो.

आम्ही दोघं सातवीपर्यंत एका वर्गात होतो. म्हणजे तो असेल तेव्हा. दिवाळी झाली की बुधाजीचं सगळं घर वीटभट्टीवर कामाला निघायचं, पोरंटोरं, कोंबड्या, टोपली-तवा घेऊन, ते पाऊस तोंडावर आला की परत. तीनतीन दिवस चालत जायचे. वाटेत कुठं मुक्काम करायचा, पाणी कुठं गोडं लागतं, कुठल्या गावात देवळात झोपू देतात, कुठला मालक हाकलतो, कुठल्या खळ्यावर निजलं तर सकाळी पेजसुद्धा मिळते, हे सगळं त्याला दहाव्या वर्षी पाठ होतं. मला तेव्हा त्याचाही हेवा वाटायचा. मी शाळेत पाढे घोकतोय आणि हा उघड्यावर फिरतोय! एकदा मी आईला म्हणालोसुद्धा, मलापण बुध्यासारखं जाऊ दे. आईनं अशी काही मुस्काटात दिली की दोन दिवस गाल सुजला होता. आता शहरातली माणसं हौसेनं जे करायला येतात, ते त्यानं पोटासाठी केलेलं. ते ज्ञान त्याला पुढं असं कामी आलं, एवढंच.

त्याची एक पद्धत होती, ती मला फजिती झाल्यावर कळली. एकदा तो तापानं पडलेला असताना सहा जणांचा एक गट आला. म्हटलं, ही संधी. माझ्या माळावर चला म्हणालो, तर त्यांना शेणव्याचं खळंच हवं होतं, फोटो बघून आलेले. ठीक आहे, म्हटलं, वाट काय त्यालाच माहीत आहे का? घेऊन गेलो. म्हातारी दारात शेंगा सोलत बसली होती. मी सरळ विचारलं, आजी, खळं एका दिवसासाठी द्याल का, आणि खिशातून नोटा काढून तिच्यासमोर धरल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, सूप उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सहा जण आणि मी, शेंगांच्या टरफलांत उभे. परत आणून त्यांना माळावर उतरवायचं म्हटलं, तर त्यांनी सरळ आसनगावची रिक्षा धरली.

बरा झाल्यावर बुधाजीला हे कळलंच. तो माझ्या पडवीच्या पायरीवर बसून पोट धरून हसला. मग म्हणाला, "जागा मागायची नसते रं इलास. आदी पानी मागायचा. पानी कसा देतात ते बघायचा. पानी नीट दिला, तर जागा तेच देतात."

मला वाटलं, झालं, गुपित कळलं. तेवढ्यात मी त्याला पाणी प्यायला दिलं, तो प्याला, गिलास उपडा घालून निघून गेला. मी मात्र मनात मांडे खात बसलो, की आता हा एखादा गट माझ्याकडं आणेल. इतकी ओळख, इतक्या वर्षांची ये-जा, माझा माळ त्याच्या रोजच्या वाटेवर. पण त्यानं एकही गट आणला नाही. एकही नाही! दुसऱ्या वर्षी मी इतका पेटलो की ग्रामसभेत उठून बोललो, बाहेरची पोरं येऊन घाण करतात, बाटल्या टाकतात, याला आळा घाला. बुधाजी मागं उभा होता. पुढच्या आठवड्यापासून त्यानं नियम केला, आपला कचरा आपल्या पोत्यात भरून परत न्यायचा, शिवाय वाटेत दिसेल तोही उचलायचा. त्या पोत्यांचे फोटो पोरांनी जगभर फिरवले आणि बुधाजी आणखी मोठा झाला. मी डोक्याला हात लावला.

तो गेला त्यानंतर बाराव्याला मी वाडीवर गेलो. इतक्या वर्षांत त्याच्या घरात पहिल्यांदाच, हेही तिथं बसल्यावर लक्षात आलं. घर लहान, सारवलेलं, भिंतीला टेकून दोन तंबू गुंडाळून ठेवलेले. पोरांनी त्याला भेट दिलेले, तो ते अंथरून त्यावर भात वाळवायचा. त्याची बायको यमुना तांब्याभर पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. तांब्या पुढं करेना. म्हणाली, "भाऊ, तुमी पिनार ना?"

मी हात पुढं केला, प्यालो. पाणी गार होतं. मग माझ्याच्यानं राहवेना. मेलेल्या माणसाच्या घरात विचारू नये, पण विचारलं, की वहिनी, इतक्या लोकांना इतक्या जागा दाखवल्या त्यानं, माझ्या माळावर एकदाही का नाही आणलं कुणाला? माझं काय चुकलं होतं? ग्रामसभेचा राग होता का?

"नाय गो माय, राग कशाचा," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग खाली बसली. "मी पन बोललेली त्यांना, इलासभाऊंचा माळ एवडा चांगला, न्या की पोरांना. तर बोलले, तिकडं मला पानी वेगल्या गिलासात देतात. पोरं बगतील, इचारतील. इलासची लाज जाईल चारचौघात."

माझी लाज. त्याची नव्हे, माझी! मी उठलो, काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. ओढ्याच्या काठावर येऊन बराच वेळ बसलो. रडू आलं आणि त्या रडण्यातही, काय सांगू, जळत होतो. इथंही तोच वरचढ. मी ग्रामसभेत त्याची अब्रू काढली आणि हा माझी झाकत राहिला... जन्मभर.

घरी आलो तर गिलास होता तिथंच होता, पडवीच्या खिडकीत, उपडा. वाडीतलं कुणी आलं की त्यांच्यासाठी आईनं तो काढून ठेवला होता. आई जाऊन अठरा वर्षं झाली. सुनंदानं तो तसाच ठेवला, मी तसाच राहू दिला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मी तो पहिल्यांदा हातात घेऊन नीट बघितला. आमच्या लग्नात आलेल्या सहांतला एक. बुडाशी नाव कोरलेलं आहे, माझंच.

सुनंदाला काही न सांगता मी तो घासला आणि स्वयंपाकघरात मांडणीवर बाकीच्या पाचांत नेऊन ठेवला. सहाही सारखेच, एका दुकानातले, एका दिवशी घेतलेले. वाटलं होतं, मिसळून जाईल. पण तो उन्हापावसात राहून जरा काळवंडलाय, लगेच ओळखू येतो. रोज सकाळी तहान लागते, मी मांडणीपाशी जातो, ठरवून जातो की आज यातूनच प्यायचं. आणि हात आपोआप शेजारचा गिलास उचलतो. मग तो परत ठेवावा लागतो.